४.५ मेगाहर्ट्झच्या क्ष-किरण चित्रणात मागच्या फ्रेमचा ठसा: कारण कसे शोधावे आणि काय करावे

वेगवान क्ष-किरण चित्रणासाठी सिलिकॉन पिक्सेल सेन्सर वापरणाऱ्यांपुढे एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. एका फ्रेममध्ये प्रखर ब्रॅग ठिपका (स्फटिकाने ठरावीक दिशेला वळवलेल्या क्ष-किरणांचा ठिपका) नोंदला जातो आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये, त्याच जागी, त्याचा फिकट ठसा उमटलेला दिसतो. कधी हा ठसा एकाच फ्रेमपुरता असतो, कधी चार-पाच फ्रेम रेंगाळतो, तर कधी पल्समालेच्या (एकामागोमाग येणाऱ्या क्ष-किरण पल्सच्या रांगेच्या) सुरुवातीला मुळीच नसतो आणि शेवटाकडे ठळक होत जातो. स्फटिकरचनेच्या विश्लेषणाचा सगळा भार ठिपक्यांच्या तीव्रतेच्या अचूक मोजणीवर असल्यामुळे एक-दोन टक्क्यांचा ठसाही सोडून देता येत नाही. एखादा क्षीण ठिपका खरा आहे की मागच्या पल्सचा उरलेला अंश आहे हे सांगता येत नसेल, तर त्या मोजणीवरून काढलेला इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशाही भरवशाचा राहत नाही.

या तक्रारीवर दोन उपाय फार घाईने योजले जातात. एक म्हणजे बायस व्होल्टेज, म्हणजे प्रभार गोळा करण्यासाठी सेन्सरवर लावलेले उच्च व्होल्टेज, वाढवणे, आणि दुसरा म्हणजे मागच्या फ्रेमचा ठरावीक हिस्सा पुढच्या फ्रेममधून संगणकावर वजा करणे. दोन्ही उपायांना आपापली जागा आहे. परंतु कारण शोधल्याशिवाय केले तर पहिला उपाय सेन्सरच्या मुळावर येऊ शकतो आणि दुसरा उपाय डेटामध्ये नवी चूक मिसळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की ठसा दिसला की सर्वांत आधी तो किती काळ टिकतो आणि प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर कसा बदलतो हे मोजावे, कारण या दोन गोष्टींवरूनच त्याचा उगम सेन्सरच्या आत आहे, वाचन-चिपमध्ये (सेन्सरमधील प्रभार मोजून साठवणाऱ्या चिपमध्ये) आहे, वीजपुरवठ्यात आहे की नमुन्यातच आहे, हे जवळजवळ नक्की सांगता येते.

पुढील विवेचन प्रामुख्याने युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसर केंद्रावरील एजीआयपीडी या डिटेक्टरला धरून केले आहे. हॅम्बुर्गजवळच्या शेनफेल्ड येथील हे केंद्र सप्टेंबर २०१७ मध्ये प्रयोगांसाठी खुले झाले. तेथे सेकंदाला १० पल्समाला येतात, प्रत्येक मालेत जास्तीत जास्त २,७०० पल्स असतात, आणि दोन पल्समध्ये अवघे सुमारे २२० नॅनोसेकंदांचे अंतर असते. एजीआयपीडी हा डेझी (हॅम्बुर्गमधील संशोधन केंद्र), पॉल शेरर इन्स्टिट्यूट आणि बॉन व हॅम्बुर्ग विद्यापीठे यांनी मिळून घडवलेला डिटेक्टर आहे. त्याचा सेन्सर ५०० मायक्रोमीटर जाडीचा, पिक्सेल २०० मायक्रोमीटर बाजूचा, आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये ३५२ प्रतिमा साठवणारे अॅनालॉग स्मृतिकोष आहेत. त्याच केंद्रावरचे एलपीडी आणि डीएसएससी, किंवा कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेला, १५० नॅनोसेकंदांच्या अंतराने ८ फ्रेम घेणारा केक-पॅड, यांची रचना वेगळी असली तरी तपासणीचे तर्कशास्त्र तेच लागू पडते. २००९ पासून चालणाऱ्या अमेरिकेतील एलसीएलएस या क्ष-किरण लेसरवर सेकंदाला १२० पल्स येत असत आणि दोन पल्समध्ये ८ मिलिसेकंदांहून अधिक उसंत मिळत असे, त्यामुळे सेन्सरच्या आतील दिरंगाई तेथे फारशी जाणवली नाही. पल्सचा वेग मेगाहर्ट्झवर गेला तेव्हा ती उघडी पडली.

पहिली चाचणी: मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या फ्रेम

डिटेक्टर ४.५ मेगाहर्ट्झवरच चालू ठेवावा आणि क्ष-किरण पल्स मात्र निम्म्या किंवा पाव वेगाने, म्हणजे २.२६ किंवा १.१३ मेगाहर्ट्झने मागवावेत. पहिल्या रचनेत प्रत्येक उजळ फ्रेममागे एक अंधारी फ्रेम येते, दुसऱ्या रचनेत तीन येतात. अंधाऱ्या फ्रेममध्ये काहीही दिसता कामा नये. जे दिसेल तो ठसा होय, त्यात नव्या पल्सची भेसळ नाही. मग प्रत्येक पिक्सेलसाठी अंधाऱ्या फ्रेममधील मूल्य उभ्या अक्षावर आणि आधीच्या उजळ फ्रेममधील मूल्य आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. या एका आलेखातून जितके कळते तितके कित्येक तासांच्या चर्चेतून कळत नाही.

बिंदू एका तिरक्या सरळ रेषेवर आले, तर ठसा समप्रमाणात आहे. मग वेळेची चुकलेली जुळणी, अपुरे रीसेट (प्रत्येक फ्रेमआधी पिक्सेल रिकामा करणे) किंवा पूर्ण डिप्लीट न झालेला, म्हणजे काही भागात विद्युतक्षेत्र न पोहोचलेला, सेन्सर यांपैकी एखादे कारण असते. ठरावीक तीव्रतेपर्यंत काहीच नसून पुढे रेषा अचानक वर उचलली गेली, तर प्लाझ्मा परिणाम (प्रभाराच्या दाट ढगात विद्युतक्षेत्र न शिरणे) किंवा गेन (प्रवर्धनाचे प्रमाण) बदलण्याची क्रिया यांच्याकडे पाहावे लागते. तीन अंधाऱ्या फ्रेमच्या रचनेतून उताराचा वेग कळतो. पहिल्या अंधाऱ्या फ्रेममध्ये २ टक्के, दुसरीत ०.०४ टक्के अशी गुणोत्तराने घट झाली, तर प्रत्येक रीसेटला तोच अंश मागे उरतो आहे, म्हणजे दोष चिपमध्ये आहे. पहिल्या फ्रेमनंतर ठसा समूळ नाहीसा झाला तर बहुधा वेळेची जुळणी चुकली आहे. आणि तो हळूहळू, तीन-चार फ्रेमपर्यंत विरत गेला तर प्रभार सेन्सरच्या आतच संथपणे सरकत आहे.

वेळेची जुळणी

हे कारण सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळा आढळणारे आहे, म्हणून याची तपासणी आधी करावी. २२० नॅनोसेकंदांपैकी सगळा वेळ प्रभार गोळा करण्यासाठी मिळत नाही. त्यातील काही भाग रीसेटमध्ये आणि काही भाग स्मृतिकोषात मूल्य लिहिण्यात जातो. क्ष-किरण पल्स रीसेट संपल्यानंतर लगेच पोहोचला पाहिजे. तो उशिरा आला तर प्रभाराचा शेवटचा अंश पुढच्या फ्रेमच्या खिडकीत पडतो.

डिटेक्टर नमुन्यापासून मागे सरकवला की प्रत्येक मीटरमागे प्रकाश ३.३ नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो, आणि घड्याळाच्या संकेताची तार बदलली तर तारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंदांचा फरक पडतो. लहान कोनातील विकिरणासाठी डिटेक्टर काही मीटर मागे नेल्यावर जुनीच वेळ कायम राहिली, तर आदल्या आठवड्यात स्वच्छ असलेल्या डेटामध्ये ठसा दिसू लागतो आणि सगळे जण सेन्सर बिघडला असे समजतात. यावर उपाय म्हणजे डिटेक्टरचे विलंबमूल्य काही नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांनी पुढे-मागे सरकवत मिळणाऱ्या संकेताचा पूर्ण आलेख काढणे, सपाट पठार कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते पाहणे, आणि पठाराच्या लवकरच्या टोकाजवळ, परंतु कडेपासून सुरक्षित अंतरावर काम करणे. हा आलेख मंद प्रकाशात आणि प्रखर प्रकाशात असा दोनदा काढावा. प्रखर प्रकाशात पठार आखूड झाले, तर वेळेच्या जुळणीबरोबर प्लाझ्मा परिणामही आहे असे समजावे.

पुरवठ्याच्या पडद्यावर न दिसणारी व्होल्टेजची घसरण

ठसा मालेच्या सुरुवातीला नसेल आणि पुढे पुढे वाढत असेल, तर उच्च व्होल्टेजच्या फिल्टरकडे लक्ष द्यावे, कारण सेन्सरवरील व्होल्टेज उतरले की प्रभार गोळा व्हायला अधिक वेळ लागतो. याचा हिशेब एकदा प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा आहे. १२.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे ३,४४० इलेक्ट्रॉन-होल जोड्या (होल म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली धन प्रभाराची जागा) निर्माण करतो, कारण एका जोडीला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. एजीआयपीडीच्या एका मॉड्यूलमध्ये ५१२ गुणिले १२८, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल असतात. समजा प्रत्येक पिक्सेलवर सरासरी ५०० फोटॉन पडले, तर एका पल्समध्ये मॉड्यूलमधून सुमारे १८ नॅनोकुलंब प्रभार वाहतो. हा प्रभार त्या क्षणी लांबच्या पुरवठ्यातून येऊ शकत नाही, तो मॉड्यूलजवळच्या कपॅसिटरमधूनच येतो. तो कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा असेल तर प्रत्येक पल्सला व्होल्टेज ०.१८ व्होल्टने उतरते. ३५२ पल्सची माला ७८ मायक्रोसेकंदांत संपते, आणि फिल्टरचा रोध १० किलोओहम असेल तर कपॅसिटर पुन्हा भरण्याचा काळ १ मिलिसेकंद होतो. म्हणजे माला चालू असताना भरपाई जवळजवळ होतच नाही, आणि मालेच्या अखेरीस ५०० व्होल्टचे सुमारे ४४० व्होल्ट उरतात.

पुरवठ्याच्या पडद्यावर यातले काहीही दिसत नाही. तेथे सरासरी प्रवाह दिसतो, तो सेकंदाला १० माला धरून सुमारे ६४ मायक्रोअॅम्पिअर भरतो, आणि त्याने १० किलोओहमवर एक व्होल्टही पडत नाही. दोन मालांमध्ये जवळजवळ १०० मिलिसेकंदांची विश्रांती असल्यामुळे प्रत्येक माला पूर्ण व्होल्टेजवरच सुरू होते. हे पकडायचे असेल तर ऑसिलोस्कोप उच्च व्होल्टेजला योग्य अशा प्रोबसह कपॅसिटरपाशी, म्हणजे फिल्टरच्या सेन्सरकडील बाजूला, लावावा लागतो. पुरवठ्याच्या बाजूला लावून उपयोग नाही. प्रोबचा स्वतःचा रोधही फिल्टरच्या रोधाशी तुलना करून विचारात घ्यावा.

उपाय म्हणजे कपॅसिटर मोठा करणे. १ मायक्रोफॅरड बसवला तर वरच्या उदाहरणातील घसरण ६ व्होल्टवर येते आणि भरपाईचा काळ १० मिलिसेकंद होतो, जो दोन मालांमधील उसंतीत सहज बसतो. मात्र उच्च व्होल्टेजचा मोठा कपॅसिटर निर्वात कक्षात बसवताना त्यात साठणारी ऊर्जाही वाढते आणि सेन्सरमध्ये ठिणगी पडली तर तीच ऊर्जा चिपमधून वाहते, याचे भान ठेवावे लागते. कपॅसिटर हवा तेवढा मोठा करत जाणे मला म्हणूनच पटत नाही. प्रयोगाची खरी सरासरी तीव्रता धरून मूल्य ठरवावे.

सेन्सर पूर्ण डिप्लीट न होणे

ज्या सेन्सरमध्ये पिक्सेल पी-प्लस आणि पाया एन प्रकारचा असतो (पी म्हणजे होल्सचे, एन म्हणजे इलेक्ट्रॉनचे आधिक्य असलेले सिलिकॉन, आणि प्लस म्हणजे हे आधिक्य तीव्र) त्यात डिप्लीशन पिक्सेलच्या बाजूने सुरू होते. क्ष-किरण मात्र समोरच्या, एन-प्लस बाजूने आत शिरतात. त्यामुळे व्होल्टेज कमी पडले तर क्षेत्ररहित पट्टा नेमका प्रवेशद्वारापाशी उरतो, जेथे कमी ऊर्जेचे बहुतेक फोटॉन शोषले जातात. ५० मायक्रोमीटरचा असा पट्टा ओलांडायला होल्सना केवळ विसरणाने सुमारे १ मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे चार-पाच फ्रेम. ठसा समप्रमाणात असेल, चार-पाच फ्रेम रेंगाळत असेल आणि फोटॉनची ऊर्जा कमी केल्यावर वाढत असेल, तर हेच कारण धरावे. कपॅसिटन्स आणि व्होल्टेज यांच्या मोजणीवरून पूर्ण डिप्लीशनचे व्होल्टेज प्रत्येक वेफरसाठी आधीच काढून ठेवलेले असते. प्रत्यक्षात मॉड्यूलवर लावलेले व्होल्टेज त्याच्या बरेच वर आहे ना, एवढे पाहिले की हा प्रश्न मिटतो.

प्लाझ्मा परिणाम

वेळेची जुळणी ठीक आहे, व्होल्टेज स्थिर आहे, सेन्सर पूर्ण डिप्लीट आहे, तरीही फक्त प्रखर ठिपक्यांमागे ठसा येतो, अशी स्थिती असेल तर आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो आहोत. जड आयन मोजणाऱ्यांना हा परिणाम १९६० च्या दशकापासून माहीत होता. क्ष-किरण लेसरच्या संदर्भात हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या गटाने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याची निष्पत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

५०० मायक्रोमीटर जाडीचा सेन्सर २०० व्होल्टच्या आत डिप्लीट व्हायचा असेल, तर त्यातील दात्या अणूंची (इलेक्ट्रॉन देऊन स्थिर धन प्रभार मागे ठेवणाऱ्या परक्या अणूंची) संख्या दर घन सेंटिमीटरला १ लाख कोटींच्या वर असता कामा नये; नेहमीच्या उच्च रोधकतेच्या सिलिकॉनमध्ये ती याच्या निम्म्याच्या आसपास असते. आता एका पिक्सेलवर १२.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे १०,००० फोटॉन एकसारखे पसरून पडले असे धरू. या ऊर्जेला सिलिकॉनमधील शोषण-लांबी सुमारे २४० मायक्रोमीटर आहे, त्यावरून प्रवेशपृष्ठाजवळ दर घन सेंटिमीटरला साडेतीन लाख कोटी जोड्या निर्माण होतात. म्हणजे सेन्सरमधील विद्युतक्षेत्र ज्या स्थिर प्रभाराने घडवले आहे, त्याच्या कित्येक पट चल प्रभार एका क्षणात तेथे ओतला जातो. ब्रॅग ठिपका तर पिक्सेलभर पसरतच नाही. तो ५० मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात मावला तर ही घनता आणखी १६ पट होते.

अशा दाट ढगात बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरू शकत नाही. ढगाच्या एका टोकाचे इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या टोकाचे होल्स किंचित वेगळे झाले की त्यांच्यातच उलट क्षेत्र तयार होते आणि आतील भाग झाकला जातो. ढगाचा बाहेरचा थर सुटतो, मग त्याखालचा, असे करत तो हळूहळू झिजतो. एरवी ५०० व्होल्टवर होल्सना संपूर्ण जाडी ओलांडायला १५ नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. ढग दाट असला तर प्रभार गोळा होण्याची क्रिया कित्येक पट लांबते, आणि व्होल्टेज कमी असेल तर ती १०० नॅनोसेकंदांच्याही पुढे जाऊ शकते. याच काळात ढग आडवा पसरतो, म्हणून ठिपका शेजारच्या पिक्सेलमध्येही फुगलेला दिसतो. ठसा आणि फुगणे ही दोन्ही लक्षणे एकत्र असणे ही प्लाझ्मा परिणामाची मोठी खूण आहे.

खात्री करण्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. बायस वाढवल्यावर ठसा झपाट्याने कमी व्हायला हवा. ठिपक्यातील एकूण फोटॉन तितकेच ठेवून तो विस्तारला, म्हणजे घनता कमी केली, तर ठसा जायला हवा. आणि शक्य असेल तर किरणवेळ न वापरता प्रयोगशाळेत लेसरने पडताळा घ्यावा. १०१५ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर सिलिकॉनमध्ये सुमारे २५० मायक्रोमीटर खोलवर शोषला जातो, म्हणून तो १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनची जागा चांगली घेतो, तर ६६० नॅनोमीटरचा लाल लेसर पहिल्या ३ मायक्रोमीटरमध्येच शोषला जातो आणि १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनसारखा वागतो. लाल लेसरने ढग उथळ आणि म्हणून अधिक दाट होतो, त्यामुळे परिणाम अधिक तीव्र दिसतो. यासाठी प्रवेशपृष्ठावरील अॅल्युमिनियममध्ये खिडकी ठेवलेला चाचणी-डायोड लागतो. डायोड त्याच वेफरवरचा असेल तर उत्तम.

गेन बदलल्यामुळे येणारा ठसा

प्लाझ्मा परिणामाशी हमखास गल्लत होते ती याची. एजीआयपीडीचा पिक्सेल एका फोटॉनपासून १०,००० फोटॉनपर्यंत मोजू शकतो, कारण संकेत ठरावीक पातळीच्या वर गेला की प्रवर्धकाला अधिक कपॅसिटर आपोआप जोडले जातात आणि गेन उतरतो. पुढच्या फ्रेमआधी हे कपॅसिटर सुटून पूर्ण रिकामे व्हावे लागतात. ते झाले नाहीत तर गेन बदललेल्या पिक्सेलमध्येच पुढच्या वेळी आधाररेषा (प्रकाश नसतानाचे मूल्य) सरकते, आणि आलेखावर हाही एक उंबरठा दिसतो.

फरक असा की गेन बदलण्याचा उंबरठा पिक्सेलमधील एकूण प्रभारावर ठरतो. ठिपका टोकदार असो वा पसरट, बायस ३०० व्होल्ट असो वा ५००, उंबरठा जागचा हलत नाही. प्लाझ्माचा उंबरठा घनता आणि बायस यांच्याबरोबर सरकतो. शिवाय चिपमधील अंतर्गत प्रवाहस्रोताने किंवा चाचणी-पल्सने, क्ष-किरण बंद ठेवून, तोच ठसा निर्माण करता आला तर सेन्सर निर्दोष आहे हे सिद्धच होते. मग रीसेटचा काळ वाढवावा, आणि गेन बदललेल्या पिक्सेलनंतरच्या फ्रेमसाठी वेगळी आधाररेषा मोजून ठेवावी. ठसा काही ठरावीक स्मृतिकोषांमध्येच येत असेल, तर ते कोष वाचनक्रमात कितवे आहेत ते पाहावे. साठवलेले मूल्य वाचले जाईपर्यंत दहा-दहा मिलिसेकंद थांबते आणि त्या अवधीत गळते. ही गळती तापमानाबरोबर वाढते, म्हणून डिटेक्टर थंड ठेवणे हा तिच्यावरचा मुख्य उपाय आहे.

मिनिटे किंवा दिवस टिकणारा ठसा

अशा ठशाचा मागच्या फ्रेमशी संबंध नसतो, तो मागच्या प्रयोगाचा असतो. या ऊर्जेचे क्ष-किरण सिलिकॉनच्या स्फटिकातील अणू जागचे हलवू शकत नाहीत, परंतु पृष्ठभागावरील सिलिकॉन डायऑक्साइडमध्ये धन प्रभार आणि त्याच्या सांध्यावर सापळे निर्माण करतात. एजीआयपीडीच्या सेन्सरचे उद्दिष्ट १ गिगाग्रेपर्यंतची मात्रा (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) सोसण्याचे होते. हॅम्बुर्गच्या मोजमापांत पृष्ठभागीय प्रवाह १ ते १० मेगाग्रेच्या दरम्यान शिखर गाठून पुढे उतरतो असे आढळले, म्हणजे अधिक मात्रा मिळालेला भाग अधिक गळेलच असे नाही. जेथे थेट किरण किंवा प्रखर वलय वारंवार पडले तेथे अंधारातही आधाररेषा उचललेली राहते. प्रत्येक सत्राआधी नवी अंधार-मोजणी घेणे आणि प्रवाहांची तुलना करताना ते एकाच तापमानावर आणून करणे आवश्यक आहे, कारण दर ७ ते ८ अंशांना गळती दुप्पट होते. ८० अंश सेल्सिअसवर तापवल्याने हे नुकसान अंशतः भरून निघते हे चाचणी-नमुन्यांवर दिसले आहे, परंतु चिप आणि डिंकासह जोडलेले मॉड्यूल तापवण्याआधी त्यातील प्रत्येक साहित्याची मर्यादा तपासावी.

फोटॉनची ऊर्जा वाढवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ५०० मायक्रोमीटर सिलिकॉनमधून १२.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे १२ टक्के फोटॉन निसटतात, पण २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे निम्म्याहून अधिक पार होऊन मागच्या चिपवर आदळतात.

ठसा नमुन्यातूनच आला असेल तर

द्रवाच्या बारीक धारेतून स्फटिक सोडले जातात तेव्हा प्रत्येक पल्स धारेत स्फोट घडवतो आणि तिच्यात खंड पाडतो. पुढचा पल्स येईपर्यंत धार पूर्ववत झाली नाही तर पुढच्या फ्रेममधील पार्श्वभूमी मागच्या पल्सवर अवलंबून राहते. हा डिटेक्टरचा दोष नव्हे. ओळखण्याची रीत सोपी आहे: असा बदल पाण्याच्या वलयात सगळीकडे दिसतो, एकेका पिक्सेलमागे जात नाही, आणि मुद्दाम ठेवलेल्या अंधाऱ्या फ्रेममध्ये त्याचा मागमूस नसतो. धारेचा वेग वाढवून पाहावा.

व्होल्टेज वाढवण्याआधी

कारण प्लाझ्मा परिणाम किंवा अपुरे डिप्लीशन आहे असे ठरले, तरच बायस वाढवावा. ५०० व्होल्ट ही या जाडीसाठी किमान पातळी मानावी, आणि सेन्सर सोसत असेल तर त्याहून वर जाण्यात लाभ आहे. एजीआयपीडीचा सेन्सर याचसाठी ९०० व्होल्टपर्यंत टिकावा असा आखला गेला आणि त्याभोवती १५ गार्ड रिंग (कडेकडील व्होल्टेज टप्प्याटप्प्याने विभागणारी कडी) ठेवल्या गेल्या. तरीही किरणोत्सर्ग झेललेल्या सेन्सरमध्ये ऑक्साइडमधील धन प्रभारामुळे पी-प्लस पट्ट्यांच्या कडांवरचे क्षेत्र वाढते, म्हणून नव्या सेन्सरवर मोजलेली मर्यादा जुन्या सेन्सरला जशीच्या तशी लावू नये.

व्होल्टेज ५० व्होल्टच्या पायऱ्यांनी चढवावे आणि प्रत्येक पायरीवर गळती प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबावे. पृष्ठभागावरील प्रभार दमट हवेत लवकर आणि कोरड्या हवेत फार सावकाश स्थिरावतो, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. कोरड्या नायट्रोजनमध्ये पहिल्या मिनिटांत निर्धोक दिसलेले व्होल्टेज काही तासांनंतर प्रवाह वाढवू शकते. म्हणून नवे व्होल्टेज रात्रभर लावून त्याची नोंद ठेवल्याशिवाय प्रयोगासाठी मंजूर करू नये. थंड सेन्सरवर दव जमले असताना उच्च व्होल्टेज कदापि लावू नये. तसेच निर्वात कक्ष रिकामा होत असताना किंवा भरत असताना ते बंदच असावे, कारण हवेतील ठिणगीसाठी लागणारे किमान व्होल्टेज सुमारे ३२७ व्होल्ट आहे आणि १ मिलिमीटरच्या फटीसाठी ही किमान स्थिती काही मिलीबार दाबावर येते. सेन्सरची कापलेली कड पूर्ण बायसवर असते आणि चिप तिच्यापासून फार दूर नसते. दाबमापकाला जोडलेले स्वयंचलित कुलूप येथे हवेच. माणसाच्या लक्षात राहील यावर विसंबू नये.

संगणकीय दुरुस्ती केव्हा मान्य करावी

ठसा समप्रमाणात असेल, प्रत्येक पिक्सेलचा उतार वेगळा मोजलेला असेल आणि तो मंद व प्रखर प्रकाशात तोच येत असेल, तर मागच्या फ्रेमचा तेवढा अंश वजा करणे योग्य आहे. प्लाझ्मा परिणामासाठी मात्र अशी वजाबाकी मी चुकीची मानतो. त्यात ठशाचे प्रमाण ठिपक्याच्या आकारावर अवलंबून असते, ठिपक्याचा आकार पिक्सेलपेक्षा लहान असल्यामुळे तो मोजता येत नाही, आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये पसरलेला प्रभार कोणाचा हेही निश्चित करता येत नाही. अशा वेळी प्रखर ठिपक्यानंतरच्या फ्रेममध्ये तेवढे पिक्सेल, शेजाऱ्यांसह, अवैध म्हणून खूण करून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरते. अशा पिक्सेलची संख्या फार वाढली तर किरणाची तीव्रता कमी करावी किंवा २.२६ मेगाहर्ट्झवर उतरावे. निम्म्या फ्रेम गमावूनही उरलेल्या फ्रेम विश्वासार्ह मिळतात.

सत्राच्या आरंभी पाच नोंदी घेऊन डेटासोबत जतन कराव्यात: विलंबमूल्याचा आलेख मंद आणि प्रखर प्रकाशात, अंधाऱ्या फ्रेमचा आलेख २.२६ आणि १.१३ मेगाहर्ट्झवर, तीन वेगवेगळ्या बायस मूल्यांवरचा ठसा, मालेच्या पहिल्या आणि शेवटच्या पल्सच्या वेळचे कपॅसिटरवरील व्होल्टेज, आणि तापमानासह गळती प्रवाह. मॉड्यूल बदलले, डिटेक्टर मागे-पुढे सरकवला किंवा फोटॉनची ऊर्जा बदलली, तर यांतील निदान पहिल्या दोन नोंदी नव्याने घ्याव्यात.